मशीनपुरती वीज

ऑक्सिजनचं मशीन घरी आलं, त्याच संध्याकाळी ते ओरडायला लागलं. गुडघ्याएवढं उंच, खाली चाकं, कडेला जाळी असलेलं ते मशीन आम्ही नवऱ्याच्या पलंगाशेजारी लावलं होतं. खोलीतली हवा आत ओढायची, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा करायचा आणि नळीतून त्याच्या नाकापर्यंत पोचवायचा, एवढं त्याचं काम. दिवसभर ते नीट चाललं. दिवेलागणीनंतर ट्यूब फडफडली, पंखा मंदावला आणि मशीनमधून एक लांब, टोचणारी शिट्टी सुरू झाली. नवरा नळी तशीच नाकाला धरून माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, मला माहीत असेल काय करायचं. मला काहीच माहीत नव्हतं. मी मशीनवर थाप मारली, बटण बंद करून पुन्हा लावलं, लेकीला खालून कुणाला तरी बोलवायला पिटाळलं. थोड्या वेळाने पंख्याने आपणहून वेग घेतला आणि शिट्टी थांबली. पण तेवढ्या वेळात त्याच्या ओठांचा रंग बदललेला मी पाहिला होता.

आम्ही डोंबिवलीजवळ कोपरला राहतो, पश्चिमेला, खाडीच्या अंगाला. बिल्डिंग जुनी, तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. नवरा मानपाड्याकडच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. खोकला सुरू झाला तेव्हा आम्ही तो धुळीचा समजलो, मग हवेचा, मग वयाचा. शेवटी कळलं ते असं की त्याची फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत. कशाने, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. ती पुन्हा मऊ होणार नाहीत, एवढं मात्र त्यांनी नक्की सांगितलं. आधी जिना चढताना दम लागायचा, मग आंघोळ करताना, मग शर्टाची बटणं लावताना. पन्नाशीही न आलेल्या माणसाची बटणं मी लावून द्यायला लागले, तेव्हा त्याने टी-शर्ट घालायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला. त्याने घरातले बोर्ड उघडले, खाली मीटरच्या खोलीत जाऊन आला आणि म्हणाला, "ताई, तुमचं वायरिंग ठीक आहे. खालून वर येणारी केबल जुनी आहे. तुमच्या बाजूच्या सगळ्या घरांना ती एकच. ती टाकली तेव्हा घरात पंखे, ट्यूब नि एक टीव्ही असायचा. आता एसी आले, गिझर आले. संध्याकाळी सगळ्यांनी एकदम ओढलं की व्होल्टेज पडतं. या मशीनला कमी व्होल्टेज चालत नाही."

"मग काय करायचं?"

"केबल बदलायची."

मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी चहा विचारला, नवऱ्याची चौकशी केली आणि सांगितलं की बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जायची बोलणी चालू आहेत, आता कुणी केबलला हो म्हणणार नाही. "थोडे दिवस कळ काढा वहिनी. तोवर जरा कमी वापरा." हे थोडे दिवस गेली कित्येक वर्षं चालले होते.

इलेक्ट्रिशियनने स्टॅबिलायझर बसवून दिला. त्याने जरा फरक पडला, पण व्होल्टेज फारच खाली गेलं की स्टॅबिलायझरही हात टेकायचा. वीज पूर्ण गेली तर घरातला जुना इन्व्हर्टर होता. त्यावर मशीन एकटं असलं तर काही तास निघत. त्याच्या जोडीला जे जे लावू, ते त्या तासांतून वजा.

तेव्हापासून मी घरातली वीज कमी करायला घेतली. पहिल्यांदा फ्रिज बंद केला. तो नवऱ्याने हौसेने मोठा घेतला होता, त्याला उन्हाळ्यात दात शिवशिवतील एवढं गार पाणी लागायचं. आता दूध दोन वेळेला आणायचं, भाजी त्या दिवसाची त्या दिवशी. मिक्सर फडताळात गेला, चटणी खलबत्त्यात. कपडे हाताने धुवायला लागले. चादरी पिळताना मनगटं भरून यायची. इस्त्री बंद झाली. मी ठाण्याला माजिवड्याजवळ एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम करते. तिथे चुरगळलेला कुडता घालून बसायला लागले. टीव्हीचा लाल ठिपका दिसला तरी मला राहवायचं नाही, मी प्लग उपटून टाकायचे. लेक फोन क्लासमध्ये चार्ज करून आणायची. संध्याकाळी घरात एक दिवा, एक पंखा आणि ते मशीन.

ऑक्सिजनजवळ ज्योत नको, म्हणून बुद्धमूर्तीपुढची मेणबत्तीही बंद झाली. नुसती फुलं ठेवून मी त्रिसरण म्हणायचे. म्हणताना माझे कान मशीनकडे असायचे.

एवढं करूनही शिट्टी व्हायचीच. इलेक्ट्रिशियन पुन्हा आला तेव्हा बंद फ्रिज बघून तो म्हणाला, "ताई, तुमच्या एका फ्रिजने केबलवर काय फरक पडणार? ओढतायत ते दुसरेच." मला ते समजत होतं. पण बंद करण्यासारखं माझ्या हातात तेवढंच होतं. बटणं बंद करत फिरले की मी त्याच्यासाठी काहीतरी करते आहे असं वाटायचं. बसून राहिले की भीती वाटायची.

नवऱ्याला हे सहन होत नव्हतं. एकदा मी आणि लेक मिळून बादलीतली चादर पिळत होतो. तो पलंगावरून बघत होता.

"मी एकटा केवढी वीज खातो गं," तो म्हणाला.

"काहीतरी बोलू नकोस."

"नाही, खरंच. लोक जेवतात, मी वीज खातो. मी श्वास घेतला की मीटर फिरतं. तुम्ही दोघी अंधारात बसता."

"आम्हाला चालतं."

"मला नाही चालत," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. नळी ताणली गेली होती, ती मी सैल केली.

आमच्या बाजूला खाली तळमजल्यावर बंद गाळा होता. पहिल्या मजल्यावर एक म्हातारं जोडपं, त्यांचे फक्त पंखे. म्हणजे ओढणारं घर एकच होतं, आमच्या डोक्यावरचं. तिथे एक तरुण जोडपं राहायचं, कोकणातलं. त्यांचं काही महिन्यांचं बाळ होतं. त्यांचा एसी संध्याकाळी सुरू झाला की त्याचं पाणी आमच्या खिडकीच्या ग्रिलवर टपटपायला लागायचं. ते टपटपलं की मी मशीनकडे बघायचे आणि थोड्याच वेळात शिट्टी व्हायची. एप्रिलमध्ये मी एकदा वर गेले होते. तिला सगळं सांगितलं. ती दारातच उभी होती, कडेवर बाळ रडत होतं. "बघते हां काकू," एवढंच म्हणाली आणि दार लोटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी टपटपलं. त्या आवाजाचा मला इतका राग यायचा की मी ग्रिलवर जुनं पायपुसणं टाकून ठेवलं.

एप्रिल सरता सरता दुपारची वीज जायला लागली. कधी थोडा वेळ, कधी बराच. लेकीची बारावी झाली होती, ती प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होती. आतल्या खोलीत पश्चिमेचं ऊन भिंतीवर यायचं. भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. वीज गेली की मशीन आणि नवऱ्याच्या खोलीतला पंखा इन्व्हर्टरवर, आतला पंखा बंद, असा मी नियम केला होता. लेक ओला टॉवेल मानेवर घेऊन पुस्तकं वाचायची. तिच्या पाठीवर, गळ्यावर घामोळं उठलं होतं. तिने कधी तक्रार केली नाही. ती तक्रार करत नाही हेच तिच्या बाबाला जास्त लागत असावं.

त्या दिवशी मी दवाखान्यातून लवकर निघाले होते. कारण काही नव्हतं, डॉक्टरांना कुठे जायचं होतं, एवढंच. जिना चढताना पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी सांगितलं की दुपारपासून वीज नाही. मी पुढे गेले. आमच्या दाराबाहेर आलं की मशीनचा आवाज ऐकू यायचा, भरल्या पोटी झोपलेल्या जनावरासारखा, आत-बाहेर, आत-बाहेर. त्या दिवशी तो आवाज नव्हता. मी किल्ली लावून दार ढकललं.

आत नवरा पलंगाच्या कडेवर बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, मान पुढे काढून, खांदे वर घेऊन तो हवा ओढत होता. डोळे उघडे होते, पण मी समोर येऊनही त्यांनी मला ओळखलं नाही. ओठ जांभळे. नखं जांभळी. मशीनचं बटण बंद होतं. आतल्या खोलीत पंखा चालू होता आणि लेक पुस्तकावर डोकं ठेवून झोपली होती.

मी बटण दाबलं. मशीन सुरू झालं, पण इन्व्हर्टर लगेच पीं पीं करायला लागला. मी किंचाळून लेकीला उठवलं. "ते मशीन कुणी बंद केलं?" ती भांबावून उठली. "बाबांनीच. गरम झालंय म्हणाले. जरा थंड होऊ दे, तोवर तू पंखा लाव म्हणाले." तिने बाबाकडे बघितलं आणि धावत त्याच्याजवळ आली.

आणीबाणीसाठी आणलेला सिलिंडर भरायला गेलेला होता. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी रिक्षा थांबवली. वरच्या मजल्यावरचा तरुण धावत खाली आला, त्याने नवऱ्याला पाठुंगळी घेतलं आणि जिना उतरला. रिक्षात मी त्याचं डोकं छातीशी धरून बसले होते. रस्ता खोदलेला होता. प्रत्येक धक्क्याला त्याच्या तोंडातून आवाज निघायचा आणि मला बरं वाटायचं, कारण आवाज म्हणजे श्वास.

तो वाचला. काही दिवस आयसीयूत, काही वॉर्डात. बोलता यायला लागल्यावर मी त्याला विचारलं, का केलंस असं.

"ती पंख्याशिवाय बसली होती," तो म्हणाला. "मला वाटलं, शांत बसून राहिलो तर अर्धा तास जमेल. तेवढा वेळ पंखा तिला."

"आणि नसतं जमलं तर?"

यावर तो काही बोलला नाही. त्या न बोलण्याची मला अजून भीती वाटते. त्याने खरोखर अर्ध्या तासाचाच हिशोब केला होता का, हे मी त्याला पुन्हा विचारलं नाही.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता मशीन चोवीस तास. मध्ये खंड पडता कामा नये. वीज जाणार नाही अशी व्यवस्था करा." मी मान हलवली. बाहेर येऊन हॉस्पिटलच्या पायरीवर बसले. वीज जाणार नाही अशी व्यवस्था मी कुठून करणार होते, ते मला कुणीतरी सांगायला हवं होतं. समोर भर दुपारी एका दुकानाच्या पाटीवरचे सगळे दिवे जळत होते. मला उठून जाऊन त्या दुकानदाराच्या पाया पडावंसं वाटलं, की बाबा, एवढे बंद कर. त्याच्या दिव्यांचा आमच्या केबलशी काही संबंध नव्हता. पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

त्या संध्याकाळी मी पुन्हा वर गेले. या वेळी भांडायचं ठरवूनच गेले होते. काय काय बोलायचं ते जिन्यात तोंडात घोळवत होते. तिने दार उघडलं. आत कोंदट, तापलेली हवा होती. एसी बंद होता. वर थेट स्लॅब, दिवसभराचं ऊन खाल्लेली. बाळ सतरंजीवर उघडंच पडलं होतं आणि त्याच्या पोटापासून गालापर्यंत लाल पुरळ उठलं होतं, काही ठिकाणी पिकलेलं. ते रडूनरडून घोगरं झालं होतं.

"काकांना नेलं त्या दिवसापासून लावलाच नाही," ती म्हणाली. "ह्यांनी सांगितलं, नाही लावायचा. पण आता हे बाळ बघवत नाहीये हो मला. मी काय करू?"

ती माझ्याकडे तशीच बघत होती, जसा पहिल्या संध्याकाळी माझा नवरा बघत होता. मी सगळी भांडणं विसरले. सतरंजीवर तिच्याशेजारी बसले आणि आम्ही दोघी रडलो. त्यात समजूतदारपणा वगैरे काही नव्हता. दोघींना जगवायचं होतं आणि दोघींना मिळून एकच जुनी केबल होती.

"खाली घेऊन ये त्याला," मी शेवटी म्हटलं. "आमच्याकडे वर स्लॅब नाही. संध्याकाळी खाडीवरचा वारा येतो. पंख्यात झोपेल."

"आजारी माणसाच्या खोलीत?"

"त्याचा आजार लागत नाही."

मग रोज दिवेलागणीला ती बाळाला घेऊन खाली यायची. तिचा नवरा कामावरून आला की तोही यायचा. दोन घरांचा मिळून एक पंखा, एक दिवा. वरचं घर बंद. रात्री जेवणं उरकून आजूबाजूच्या बिल्डिंगांचं ओढणं कमी झालं की ती वर जाऊन एसी लावायची. शिट्टी जवळजवळ थांबली. पहिल्या दिवशी बाळ मशीनच्या आवाजाने दचकेल अशी मला काळजी होती. ते त्या आवाजाने झोपायचं. नवरा एका हाताने त्याला वारा घालायचा. हात लगेच दमायचा, पण तो घालायचा.

बुद्धपौर्णिमेला मी खीर केली. वरचीने तिच्या गावाहून आलेले आंबे आणले. मेणबत्त्या नव्हत्या, लेकीने मोगऱ्याच्या माळा लावल्या. त्या संध्याकाळी नवरा जरा बोलला, हसला. तरी माझं लक्ष ट्यूबकडे होतं, फडफडते का. माणसं घरात जेवत होती आणि मी व्होल्टेज राखत बसले होते. सुखाची म्हणावी अशी ती एकच संध्याकाळ, आणि तिच्यातली मला ट्यूबच जास्त आठवते.

वीज जायची ती जायचीच. एकदा ट्रान्सफॉर्मर उडाला आणि आख्खा दिवस गेला. भरलेले सिलिंडर आणायला लेक आणि वरचा तरुण स्कूटरवरून किती हिंडले. एक सिलिंडर संपत आला की त्याच्या घड्याळाचा काटा खाली यायचा. मी त्या काट्याकडे बघत नवऱ्याला म्हणायचे, हळू घे, हळू श्वास घे. श्वाससुद्धा कमी वापर, असं मी माझ्या माणसाला सांगत होते. त्याने तेही केलं. डोळे मिटून, ओठ चंबूसारखे करून, जपून जपून.

पावसाळ्यात हवा गार झाली. एसी बंद झाले, व्होल्टेज भरभक्कम राहायला लागलं. मला वाटलं, आता निभावलं. पण तोवर त्याची फुप्फुसं मशीनचं देणंही घेईनाशी झाली होती. मशीन पूर्ण जोरावर लावलं तरी बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा वर सरकेना. विजेशी एवढी झुंज दिली, आणि आता वीज होती तर तिचा उपयोग नव्हता. तो घरातच गेला, सकाळी, चहा घेतल्यावर. पुन्हा हॉस्पिटल नको, असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. मी आणि लेक दोघी जवळ होतो. गेल्यावरही मशीन चालूच होतं. ते बंद करायला हात धजेना. शेवटी वरच्या तरुणाने येऊन बटण दाबलं.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले. लेकीची परीक्षा बुडालीच होती, ती पुढच्या वर्षी देणार असं ठरलं. एका दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. ती खाली मान घालून म्हणाली, "आई, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी मशीन खूप गरम झालं होतं का गं? की बाबांनी मला पंखा मिळावा म्हणून बंद केलं?"

खोटं तोंडाशी आलं होतं. पण ती माझ्याकडे न बघता तांदळातून बोट फिरवत होती, म्हणजे उत्तर तिला माहीतच होतं.

"तुला पंखा मिळावा म्हणून," मी म्हटलं. "पण तुला न सांगता. तू झोपली नसतीस, तरी काही फरक पडला नसता. त्याने केलंच असतं."

"मी विचारायला हवं होतं. मशीन गरम कसं होईल, म्हणून."

"त्याला तुझ्यासाठी काहीतरी करायचं होतं. पलंगावर पडून त्याला दुसरं काही करता येत नव्हतं."

तिचा हात थांबला होता. मग तिने विचारलं, "तुला माझा राग येतो का?"

"नाही."

"खरंच नाही?"

"खरंच नाही," मी म्हटलं. आणि तिच्या हातातलं सूप घेऊन बाजूला ठेवलं, कारण त्यातले तांदूळ सांडायला लागले होते.